पहिल्या लाइनीखालची तारीख

"ताई, बघा बरं, मंडळी बराबर हाईत का?"

दुकानाच्या पायरीखाली चपला काढून, फोन दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवून मामा हे विचारायचे. वडीगोद्रीला हमरस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथं चपला काढून कुणी येत नाही. लोक चिखलाचे बूट घेऊन थेट आत घुसतात आणि कॉलेजची पोरं तर गाडीवर बसूनच ओरडतात. हे देऊळ नाही हो मामा, असं मी शंभरदा सांगितलं असेल. "ऱ्हाऊ द्या वो," म्हणायचे आणि चपला पुन्हा पायरीखालीच.

फोन त्यांचा नव्हता, लेकीचा होता. आणि मंडळी म्हणजे त्या फोनमधल्या एका खेळातले हॉकीचे खेळाडू.

मामा सगळ्या गावाचेच मामा. उंच, वाळलेले, पन्नाशी कधीच ओलांडलेली. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि रस्त्याकडेच्या कापसाच्या जिनिंगवर रखवालदार म्हणून लागले. एकच मुलगी. जालन्याला नर्सिंगला होती. पोळ्याला घरी आली, तापाचं निमित्त झालं आणि नवव्या दिवशी गेली. याहून जास्त मला माहीत नाही. मामांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अशी न विचारायची माणसं तुमच्याही गल्लीत असतील.

तेरावा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मामा आले आणि फोन पुढं केला.

"ताई, ह्याच्यावर लाल काय तरी येऊन राह्यलं. मिटवू का ऱ्हाऊ देऊ?"

मी वाचलं. पोरगी हॉकीचा एक खेळ खेळायची, इंटरनेटवरचा. त्यात आपण स्वतः काठी घेऊन पळायचं नसतं. आपण संघाचे कारभारी. पुढं खेळणारे निवडायचे आणि तिघा-तिघांच्या चार लाइनी लावायच्या: डावा, मधला, उजवा. पहिली लाइन जास्त वेळ खेळते, चौथी सगळ्यात कमी. लाइनी लावून दिल्या की मॅच कॉम्प्युटर खेळतो आणि सकाळी निकाल सांगतो. आता तो खेळ म्हणत होता, बरेच दिवस तुम्ही आला नाहीत, आणखी आठवडाभर कुणी उघडलं नाही तर तुमचा संघ बंद करू.

"बंद म्हंजे काय व्हईल?"

"तिनं केलेलं सगळं पुसलं जाईल, मामा."

मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याची बाटली पुढं सरकवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मंग पुसू द्यायचं न्हाई," म्हणाले.

मी एकेक लाइन उघडून दाखवली. प्रत्येक लाइनीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, शेवटचा बदल कधी केला. पहिल्या लाइनीखालची तारीख मी वाचली तसे मामा बोटं मोजायला लागले. अंगठा दोनदा फिरला.

"पोळ्याचा आदला दिस. यष्टीत बसून केलं आसंल. मी फोन लावून राह्यल्तो तर उचलत नव्हती." मग म्हणाले, "ताई, बाकीच्या लाइनीचं तुम्ही म्हनताल तसं करू. हिला हात लावायचा न्हाई. तिच्या हातचं एवढंच राह्यलं."

घरात तिचे कपडे होते, वह्या होत्या, सायकल होती. पण मामांचं म्हणणं, त्या वस्तू पडून होत्या. ही लाइन रोज खेळत होती.

तेव्हापासून मामा रोज दुपारी यायला लागले. नुसतं उघडून चालायचं नाही. कुणी जखमी झाला की त्याच्या जागी दुसरा द्यावा लागतो. नाही दिला तर मशीन आपल्या मनानं चारही लाइनी उसकटून नव्यानं लावतं. म्हणजे पहिली लाइन जपायची तर बाकीच्या तीन रोज नीट लावून ठेवायच्या. मामांचं आणि माझं काम एवढंच होतं.

आता हॉकीतलं मला काय कळतं? शाळेत असताना मी लंगडीच्या पुढं गेले नाही. मामांना तर इंग्रजी नावं वाचता येत नव्हती आणि मी वाचून दाखवली तरी जिभेवर बसत नव्हती. मग त्यांनी मेंढरांना देतात तशी खुणेवरून नावं दिली. खेळात प्रत्येकाचा चिमुकला चेहरा दिसतो. पिवळ्या केसांचा तो भुऱ्या, बसक्या नाकाचा नकट्या, एकाच्या कपाळावर डाग होता तो चांद्या. पहिल्या लाइनीतल्या तिघांना मात्र त्यांनी नावं ठेवली नाहीत. ते "तिचे तिघं".

मी आकडे वाचायची. "पळणं चौदा, मारणं नऊ, पास देणं सतरा." मामा डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "ह्या तिघांत शेळी कोण?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मामांनी शांतपणे समजावलं. मेंढरू स्वतःहून म्होरं जात नाही, ते खाली मान घालून शेजारच्याच्या मागं जातं. म्हणून कळपात शेळ्या ठेवाव्या लागतात. शेळी वाट काढते, मेंढरं चालतात. शेळी नसली तर कळप जागच्या जागी फिरतो आणि एका ठिकाणी दोन शेळ्या पुढं झाल्या तर कळप फुटतो. त्यामुळं प्रत्येक लाइनीत एक शेळी पाहिजे, एकच पाहिजे, आणि ती मधी पाहिजे.

आणि खरं सांगते, या हिशेबानं लावलेली दुसरी लाइन भराभर गोल करायला लागली. एकदा एक मास्तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले होते. ते ऐकतायत, मी विचारतेय, "मामा, ही शेळी म्हातारी झाली, चौथ्या लाइनीत टाकू का?" आणि मामा म्हणतायत, "टाका, पन विकू नका." मास्तरांनी दाखला घेतला आणि चष्म्यावरून बघत बघत गेले. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ते हसायचेच नाहीत. जिंकलो म्हटलं तरी "बरं", हरलो म्हटलं तरी "बरं". दोन्ही 'बरं' सारखेच. मी आपली निकाल सांगताना उगीच आवाज चढवायची, की या माणसाच्या अंगात काहीतरी हलेल. काही हलायचं नाही. निकाल ऐकून झाला की ते पहिली लाइन उघडायला लावायचे. नावांकडं बघायचे नाहीत. खालच्या तारखेवर बोट ठेवायचे, आकडे ओठांतल्या ओठांत म्हणायचे आणि उठायचे.

खेळ सुरू होऊन तीन महिने झाले तेव्हा आम्हाला कळलं, की हे हॉकी बर्फावरचं आहे. मामांनीच विचारलं होतं, ह्यांनी एवढे जाड कपडे कशापायी घातलेत? मी एक व्हिडिओ लावून दाखवला. पायात पात्यांचे बूट, खाली काचेसारखं बर्फ, वाऱ्यासारखी पळणारी माणसं. मामा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"बर्फावर?"

"हो की."

"तिला म्हाईत आसंल का?"

"माहीत असणारच, मामा."

"मला कधी बोलली न्हाई." मग म्हणाले, "मी रागवायचो तिला. फोन घेऊन बसली की वाटायचं, पोरगी कोनाशी बोलून राह्यली. एकदा फोन हिसकून घेतल्ता. तवा बी हेच करत आसंल." हे सगळं त्यांनी भाव विचारावा तशा आवाजात सांगितलं. मी व्हिडिओ बंद केला.

एकदा तिच्या तिघांतला उजवा जखमी झाला, सहा मॅचेससाठी. बदली दिला तर तारीख बदलणार. मी नियम शोधून काढला, की आधी तसं कळवलं तर जखमी गडी तसाच ठेवता येतो. तो खेळतो, पण निम्म्या ताकदीनं, आणि संघाला भोगावं लागतं.

"ठिवा," मामा म्हणाले. "लंगडं मेंढरू आसलं की कळपानं हळू चालायचं आस्तं."

आम्ही सहाच्या सहा मॅचेस हरलो. मामांना काही नाही. चिडले मी. आता हसाल तुम्ही, पण मला त्या खेळाचं वेड लागलं होतं. सकाळी शटर वर केलं की आधी निकाल बघायची, मग देवाला उदबत्ती. आणि आमचा संघ घसरत चालला होता. कारण सरळ होतं. पहिली लाइन सगळ्यात जास्त वेळ खेळते, आणि तिच्यात तिचे तिघं. या खेळात आपला महिना म्हणजे त्यांचं अर्धं वर्ष. तिनं निवडले तेव्हा ते भरात होते, आता म्हातारे झाले होते. एक गट खाली गेलो, मग आणखी एक. तिसऱ्या लाइनीत आमचा तो चांद्या होता, नुसता तयार. तो तिथं कुजत होता. मामांच्या पुढं मी कधी बोलले नाही, पण माझे हात शिवशिवायचे.

माझा धंदाच दुरुस्तीचा. कुणाच्या आधारवर नाव चुकलेलं, कुणाच्या दाखल्यावर जन्मतारीख. लोक चूक घेऊन येतात, मी दुरुस्त करून देते. समोर चूक दिसत असताना हात जोडून बसायची मला सवय नाही.

होळीनंतर मामांच्या भावाची मेंढरं गोदावरीकडं उतरली. भाऊ आजारी पडला म्हणून मामांनी जिनिंगवरून सुट्टी काढली आणि कळपाबरोबर पंधरा दिवस गेले. खेळ मी दुकानातल्या कॉम्प्युटरवरही उघडून ठेवलेला होता. जाताना म्हणाले, "तुम्ही फकस्त बघून ठिवा, ताई." बाकी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्याच पंधरवड्यात हंगामाची शेवटची मॅच आली. हरलो असतो तर सगळ्यात खालच्या गटात. मी दोन दिवस स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी एका रद्द झालेल्या फॉर्मच्या पाठीवर तिच्या तिघांची नावं लिहून घेतली: डावा हा, मधला हा, उजवा हा. म्हटलं, एक मॅच. जिंकलो की जसंच्या तसं परत ठेवीन. मामा येतील, त्यांना सांगेन आपण वाचलो, तेव्हा तरी त्यांच्या तोंडून 'बरं' सोडून दुसरं काही निघेल. मधल्याला काढलं आणि चांद्याला लावलं.

पाच-दोन. आमचा संघ पाच गोल कधी करेल असं मला वाटलं नव्हतं. मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. मग कागद समोर धरला, मधल्याला त्याच्या जागी परत ठेवलं, तिघांना दोनदा ताडून पाहिलं. नावं बरोबर, जागा बरोबर.

दिवसभर लोकांच्या तारखा तपासणारी बाई मी. त्या लाइनीखाली तारीख असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मामा परत आले. उन्हानं रापलेले, धोतराला काटे. चपला काढल्या. मी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"मामा, वाचलो आपण. पाच-दोन."

"बरं," ते म्हणाले आणि पहिली लाइन उघडायला लावली. बोट खाली नेलं. ओठ हलले, थांबले. पुन्हा पहिल्यापासून हलले.

"ताई, ही ती तारीख न्हाई."

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सबबी मात्र पुष्कळ दिल्या. एकच मॅच, संघ खाली गेला असता, लगेच परत लावलं, हा बघा कागद. मामांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला.

"नावं तीच हाईत?"

"तीच आहेत, मामा. जागाही त्याच."

"व्हय. पन आता ही तुम्ही लावलेली झाली."

"मामा, मला बोला काहीतरी. शिव्या द्या."

"कशापायी? तुम्ही चांगल्यासाठीच केलं." बाहेर जाऊन चपला घातल्या आणि पायरीवरून वळून विचारलं, "पाच-दोन म्हन्लात न्हवं?"

"हो."

"तिला लई खुशी झाली आस्ती."

ते गेल्यावर एक बाई रेशनकार्डाचं काम घेऊन आली. मी ते केलं. नंतर दोन झेरॉक्स काढल्या. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

खेळवाल्यांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, मुलीचं, पोळ्याचं, माझ्या चुकीचं. फक्त तेवढी तारीख परत करा म्हटलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. केलेला बदल मागं घेता येत नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

त्यानंतर मामा चार दिवस आले. फोन ठेवायचे, बसायचे. विचारायचे मात्र काही नाहीत. मीच बडबडायची, दुसऱ्या लाइनीत शेळी बदलू का, नकट्याला उजवीकडं घेऊ का. "घ्या," म्हणायचे. पाचव्या दिवशी आले नाहीत. सहाव्या, सातव्या दिवशीही नाहीत. जिनिंगवर विचारलं तर म्हणाले, काम सोडलं.

मी रोज खेळ उघडत होते, पण आता ते कुणासाठी हे कळेना. शेवटी एका रविवारी दुकान बंद ठेवून त्यांच्या घरी गेले. मामी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"ते मेंढरामागं गेले. गुडघे धड न्हाईत, पन ऐकलं न्हाई. फोन बी पेटीत टाकून गेले. म्हन्ले, आता त्याच्यात तिचं काय न्हाई." मग सूप खाली ठेवून मामींनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, रोज तुमच्याकडं कशाला येत व्हते? मी इचारलं न्हाई कधी. वाटायचं, तिच्या कॉलेजाचं काय तरी काम राह्यलं आसंल."

"तिचंच काम होतं, मामी. ते माझ्या हातून बिघडलं."

मी माझ्या फोनवर खेळ उघडून दाखवला. संघाच्या वर कारभारी म्हणून पोरीचं नाव आहे, इंग्रजीत. मामींना वाचता येत नाही. "कुठं हाय?" विचारलं, तेव्हा मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते काढलं नाही. स्क्रीन विझली, मी पुन्हा लावली. पुन्हा विझली, पुन्हा लावली.

"हे ऱ्हातं का आसंच?"

"रोज उघडलं तर राहतं."

"मंग ते येऊस्तोर उघडत जा, ताई. मला त्यातलं काय जमायचं न्हाई."

पावसाळ्याच्या तोंडाला भाऊ मेंढरं घेऊन परत आला. मामा आले नाहीत. तिकडच्याच दुसऱ्या एका वाड्याबरोबर पुढं गेले म्हणे. वाडा म्हणजे धनगरांचं बिऱ्हाड, आज इथं, उद्या तिथं. त्यांच्याजवळ फोन नाही.

मी रोज उघडते. दुसरी, तिसरी, चौथी लाइन लावते. पहिलीला हात लावत नाही. आता तिच्याखाली माझ्या चुकीची तारीख आहे. ती जपून काय मिळणार, हे मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

तिच्या तिघांतला मधला या हंगामानंतर निवृत्त होणार, असं खेळानं कळवलं आहे. तो गेला की जागा रिकामी पडेल. मी कुणाला लावलं नाही तर मशीन लावेल आणि चारही लाइनी उसकटेल. मला लावता येईल, जोड बसेल असा पोरगा आहे. पण मी लावणार नाही. ते काम मामांचं आहे.

हंगाम संपायला अजून एकोणीस मॅचेस आहेत.